उजळाईवाडी ते दिल्ली : दोन पॉवर व्हीलचेअरींच्या तयारीच्या नोंदी

११ नोव्हेंबर

काम असं: दोन प्रवासी, बॅटरीवरच्या दोन खुर्च्या. कोल्हापूर (उजळाईवाडी विमानतळ) ते हैदराबाद पंख्यांचं छोटं विमान एटीआर ७२, पुढे दिल्लीपर्यंत एअरबस ए३२०. जाणं १० डिसेंबरला, परत १७ ला. खुर्ची क्र. १ मागच्या चाकांवर चालणारी, न दुमडणाऱ्या सांगाड्याची, लेड-ॲसिड बॅटरीची. क्र. २ ॲल्युमिनियमची, दुमडणारी, लिथियमची. दोघींचे नियम वेगळे, म्हणून कागद, पिशव्या, सूचना सगळं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलंय. एका फायलीत घातलं की काउंटरवर हमखास चुकीचा कागद पुढे जातो.

आज फक्त मोजमाप. विमान कंपनी आधी लांबी, रुंदी, उंची आणि वजनच विचारते, आणि माहितीपत्रकातला आकडा तिथे उपयोगाचा नाही. त्यातलं वजन बऱ्याचदा बॅटरीशिवायचं असतं, शिवाय नंतर जोडलेलं हेडरेस्ट, मागची पिशवी, छत्रीची नळी त्यात धरलेली नसते. मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलायच्या प्लॅटफॉर्म काट्यावर दोन्ही खुर्च्या चढवल्या. क्र. १ सगळ्या सामानासकट ८२.४ किलो. फूटरेस्टची जोडी ३.४, कुशन १.९, जॉयस्टिक १.१. हे काढल्यावर विमानाच्या पोटात जाणारं वजन ७६ किलो. घरचा वजनकाटा एकेका चाकाखाली सरकवून बेरीज करण्याच्या फंदात पडू नये. एक चाक वर उचललं की भार दुसऱ्यावर सरकतो आणि बेरीज कधीच जुळत नाही.

मापं: फूटरेस्ट काढून लांबी ८८ सेंमी, रुंदी ६१. उंची पाठ उभी असताना ९७, दुमडल्यावर ६६. एटीआरचं पुढचं कार्गो दार दीड मीटरच्या आसपास उंच, ए३२० चं सुमारे सव्वा मीटर, तिथे पाठ उभी ठेवूनही भागेल. पण ऐनवेळी विमान बदलून बोईंग ७३७ आलं तर त्याच्या कार्गो दाराची उंची जेमतेम ८५ सेंमी. त्यामुळे कंपनीला कळवायची उंची ६६, आणि पाठ हत्याराशिवाय दुमडली पाहिजे.

क्र. २ दुमडून ७८ × ६० × ३८ सेंमी, बॅटरीविना २५.५ किलो.

१३ नोव्हेंबर

क्र. १ चा बॅटरी बॉक्स उघडला. १२ व्होल्ट ३५ ॲम्पिअर-अवरच्या दोन एजीएम बॅटऱ्या, सिरीजमध्ये. बघायचं ते एवढंच: बॅटरीच्या अंगावर ‘नॉन-स्पिलेबल’ (न सांडणारी) छापलंय का. ‘मेंटेनन्स फ्री’ असं छापलेलं पुरत नाही. मोटारगाडीची मेंटेनन्स फ्री बॅटरी आतून ओलीच असते, फक्त पाणी भरायची टोपणं नसतात. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर तर उघडच ओली. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत जिरलेलं असतं, जेलमध्ये ते घट्ट केलेलं असतं. आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या धोकादायक माल नियमावलीतली विशेष तरतूद ए६७ नेमकं हेच मागते: ५५ अंश सेल्सिअसला कवच फुटलं किंवा तडकलं तरी द्रव वाहता कामा नये.

डाव्या बॅटरीवर शिक्का स्पष्ट आहे. उजवीचं लेबल झाकणाला घासून कोरं झालंय. दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या असल्या तरी काउंटरवर ते सिद्ध करता येत नाही. रात्रभर भाराविना ठेवून व्होल्टेज घेतलं: डावी १२.९, उजवी १२.४. म्हणजे उजवी तशीही थकलीच आहे. एकच बदलायची नाही. सिरीजमध्ये नवी-जुनी जोडी लावली की दर वेळी जुनी आधी रिकामी होते आणि नवी तिला आणखी खाली ओढते. दोन्ही नव्या, एकाच बॅचच्या मागवल्या. सोबत उत्पादकाचं तांत्रिक पत्रक, ज्यात ‘ए६७’ हा शब्द लिहिलेला हवा. तो नसेल तर पत्रकाला काही किंमत नाही.

आणखी एक घोळ आत्ताच लिहून ठेवतो, कारण तो काउंटरवर येणारच. २४ व्होल्ट गुणिले ३५ म्हणजे ८४० वॉट-अवर. समोरचा माणूस दिवसभर पॉवर बँकांचे १०० आणि १६० वॉट-अवरचे नियम सांगत बसलेला असतो. ८४० ऐकलं की ‘चालणार नाही’ म्हणून मोकळा होतो. वॉट-अवरची मर्यादा लिथियमला आहे, लेड-ॲसिडला नाही. लेड-ॲसिडला विचारायचं ते ओली की कोरडी, पक्की बसवलेली आहे का आणि टर्मिनलं झाकलेली आहेत का. म्हणून क्र. १ च्या कागदावर वॉट-अवरचा आकडा लिहायचाच नाही. विचारलाच तर ‘लिथियम नाही’ हे उत्तर.

१४ नोव्हेंबर

क्र. २ ची बॅटरी. मूळची २४ व्होल्ट २० ॲम्पिअर-अवर, म्हणजे ४८० वॉट-अवर, आणि हँडल धरून ओढली की बाहेर येते. इथेच अडतं. लिथियम बॅटरी खुर्चीतच पक्की बसवलेली आणि खुर्चीच्या बांधणीनेच सुरक्षित झालेली असेल तर वॉट-अवरची मर्यादा नाही. पण काढून नेण्यासाठीच बनवलेली असेल, तर ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि ३०० वॉट-अवरच्या आत असावी लागते. दोन बॅटऱ्यांवर चालणारी खुर्ची असेल तर प्रत्येकी १६०. जास्तीची बॅटरी बरोबर न्यायची तर ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन. थोडक्यात, विकणारा जी बॅटरी ‘काढता येते, विमानात चालते’ म्हणून विकतो, ती काढता येते म्हणूनच विमानात चालत नाही.

पुरवठादाराने पर्याय म्हणून २४ व्होल्ट १२ ॲम्पिअर-अवरचा पॅक सुचवला. २४ × १२ = २८८, वरवर ठीक. लेबलचा फोटो मागवला तर त्यावर २५.२ व्होल्ट. सात सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.६ व्होल्ट. २५.२ × १२ = ३०२.४, आणि लेबलवर तोच आकडा छापलेला. अडीच वॉट-अवरसाठी अख्खा पॅक बाद. काउंटरवर लेबल वाचतात, आपला गुणाकार नाही. सेल ३.७ व्होल्टचे धरले तर २५.९ होतात, लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल असतील तर २५.६. ‘चोवीस व्होल्ट’ हे बाजारातलं टोपणनाव आहे.

या खुर्चीत दोन्ही बाजूंना बॅटरीचे खाचे आहेत, हे नशीब. त्याच उत्पादकाच्या ६ ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घ्यायच्या ठरल्या: २५.२ × ६ = १५१.२. एकूण ३०२, म्हणजे ४८० च्या तीन-पंचमांशाहून थोडं जास्त. दिल्लीत रोजचं अंतर त्या हिशेबाने आखायचं.

गावात ई-बाइकचे पॅक बांधून देणारे कुशल लोक आहेत आणि निम्म्या पैशांत बांधतील. तरी नको. विमानात जाणाऱ्या लिथियम बॅटरीला संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेतील ३८.३ क्रमांकाच्या चाचण्या उत्तीर्ण असाव्या लागतात: कमी दाब, तापमानातले चढउतार, कंपन, धक्का, बाहेरून शॉर्ट वगैरे. या चाचण्यांचा सारांश उपलब्ध करून देणं १ जानेवारी २०२० पासून उत्पादक आणि वितरकांना बंधनकारक आहे. गॅरेजमध्ये जोडलेल्या पॅकला तो कोण देणार? पुरवठादाराकडून सारांशाची पीडीएफ बॅटरी ताब्यात घेण्याआधी मागितली. पैसे दिल्यावर मागितलेला कागद येत नाही.

१७ नोव्हेंबर

विमान कंपनीला ईमेल. फोनवर आरक्षण विभागाला सांगून थांबू नये. फोन घेणारा ‘व्हीलचेअर’ एवढाच शेरा मारतो आणि तो विमानतळाची साधी व्हीलचेअर मिळण्याचा असतो. तिकिटावर दोन वेगळे शेरे हवेत, एक माणसाचा, एक खुर्चीचा. माणसाचा: ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे शिडी चढू शकतो, ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे शिडी नाही पण केबिनमध्ये चालतो, ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. आपल्याकडे एक सी, एक एस. खुर्चीचा: क्र. १ ला ‘डब्ल्यूसीबीडी’ (न सांडणारी बॅटरी), क्र. २ ला ‘डब्ल्यूसीएलबी’ (लिथियम). ओल्या बॅटरीला ‘डब्ल्यूसीबीडब्ल्यू’ असतो. तो चुकून पडला तर बॅटरी काढून, उभी ठेवून, वेगळी बांधायची सगळी मिरवणूक सुरू होते.

ईमेलमध्ये: मापं, वजन, बॅटरीचा प्रकार, चार फोटो, स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरणार आणि उतरल्यावर दारातच हवी, हैदराबादलाही. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या नियमांतला (सीएआर) विभाग ३, मालिका एम, भाग १ अपंग प्रवाशांसाठी आहे. मदतीची गरज ४८ तास आधी कळवायची अट तिथलीच, आणि फक्त चढण्या-उतरण्याची मदत लागणाऱ्याकडून वैद्यकीय मंजुरी मागायची नाही, हेही तिथेच आहे. ४८ तास ही शेवटची मुदत. खुर्चीच्या बाबतीत तीन आठवडे आधी बोललेलं बरं, कारण उत्तर म्हणून आधी प्रश्नच येतात.

२० नोव्हेंबर

जॉयस्टिक. खुर्चीतला सर्वात महाग आणि सर्वात उघडा भाग. हाताच्या उंचीला पुढे आलेला, म्हणून ढकलताना लोक तोच धरतात. काढून केबिनमध्ये न्यायचा, यात दुमत नाही.

दांडा २० मिमीच्या चौकोनी नळीचा, ॲलन स्क्रूने आवळलेला. हत्यारं केबिनच्या सामानात नेली तर सुरक्षा तपासणीत अडकतात, चेक-इनच्या बॅगेत टाकली तर बॅग पट्ट्यावर येईपर्यंत खुर्ची जोडता येत नाही. म्हणून स्क्रूच काढून टाकला. लेथवर एम६ चा स्टड कापून प्लास्टिकच्या मुठीचा नॉब बसवला. पाठीच्या दोन एम८ बोल्टच्या जागी स्प्रिंग-बॉलच्या पिना, दोरीने सांगाड्याला बांधलेल्या, म्हणजे हरवत नाहीत. आता संपूर्ण खुर्ची हातानेच सुटते.

केबल सांगाड्याला केबल टायने बांधलेली होती. केबल टाय कापायला कात्री लागते, म्हणून सगळे काढून वेल्क्रो लावला. प्लग काढताना केबल ओढायची नाही, प्लगचं अंग धरायचं. उघड्या राहिलेल्या सॉकेटला रबरी टोपी. प्लग आणि सॉकेट दोन्हींवर लाल पट्टी, कारण शेजारी तसंच दिसणारं दुसरं सॉकेट आहे.

क्रम महत्त्वाचा. सीट-टिल्ट (सीटचा मागचा कल) आधी शून्यावर आणायचं, मग बंद करायचं, मग जॉयस्टिक काढायची. उलट केलं तर सीट तिरकी राहते, उंची ६६ ची ८० होते आणि वीज तोडलेली असते.

२१ नोव्हेंबर

वीज तोडण्याची व्यवस्था. जॉयस्टिकवरचं इलेक्ट्रॉनिक लॉक पुरेसं मानत नाहीत, आणि बरोबरच आहे, त्याने बॅटरी वेगळी होत नाही. बॅटरी बॉक्सचा करडा अँडरसन प्लग (बॅटरीची जाड तार जोडायचा-सोडायचा) बाहेरून हाताला येईल असा ३० सेंमी पुढे घेतला, मूळच्याच जाडीच्या तारेने. सुटल्यावर दोन्ही तोंडांवर सायकलच्या ट्यूबचे १० सेंमीचे तुकडे घट्ट बसतात. विकतच्या टोपीपेक्षा बरे. बॅटरीच्या टर्मिनलांवर रबरी बूट, बॉक्सवर पट्टा. बॅटऱ्या आतच राहतील.

२४ नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर आलं. क्र. २ ला हरकत नाही. क्र. १ बद्दल विचारणा: एटीआरमध्ये माल हाताने चढवतात, बॅटऱ्या काढून वजन कमी करता येईल का?

प्रश्न रास्त आहे. एटीआरचा पुढचा कार्गो कक्ष वैमानिकांची खोली आणि प्रवासी केबिन यांच्या मध्ये असतो, दार डाव्या बाजूला. दार मोठं, अडचण उंबरठ्याची. तो जमिनीपासून एक मीटरहून वर. ७६ किलो तिथवर उचलायचे. दोन्ही बॅटऱ्या मिळून २१.६ किलो, काढल्या तर ५४.४ उरतात. पण काढलेली लेड-ॲसिड बॅटरी भक्कम, कडक खोक्यात वेगळी बांधून पोटात जाते, म्हणजे सांभाळायला एकाऐवजी तीन नग. आणि बॉक्स उघडायचा, तारा सोडायच्या, उतरल्यावर परत जोडायच्या, हे हैदराबादच्या जोडणीच्या वेळेत दोनदा. चुकीच्या ध्रुवाला तार लागली की कंट्रोलर गेला. कळवलं: बॅटऱ्या आतच राहतील, उचलायला आम्ही खुर्चीला पट्टे देतो, चार माणसं किंवा बेल्ट लोडर (सामान चढवायचा तिरका सरकता पट्टा) ठेवा.

पट्टे: ट्रकवर माल आवळायचा ५० मिमी पिवळा पॉलिएस्टर पट्टा, चार फास, खालच्या नळीला आसाजवळ. वेल्डिंग करून कड्या लावायच्या नाहीत. पातळ नळी वेल्डच्या कडेला तडकते आणि वॉरंटीही जाते. चेन ब्लॉकला टांगून पाहिलं तर खुर्ची मागे झुकली. पुढची आणि मागची बाजू आळीपाळीने काट्यावर घेतली: पुढे २८, मागे ४८. म्हणजे मागच्या दोघांच्या वाट्याला प्रत्येकी २४, पुढच्यांना १४. हे आधी माहीत नसेल तर उचलताना पहिला हात सुटतो तो मागचा.

२६ नोव्हेंबर — पहिली चाचणी

बॅटरीचे कागद खुर्चीला विमानात चढवतात. ती धड उतरणं मात्र अशा माणसाच्या हातात आहे, ज्याने ती कधी पाहिलेली नाही आणि ज्याच्याकडे दहा मिनिटं आहेत. म्हणून शेजारच्या वर्कशॉपमधली चार पोरं बोलावली. ही खुर्ची त्यांनी कधी हाताळलेली नाही. सूचनांचा कागद सीटवर ठेवला, घड्याळ लावलं, आम्ही गप्प उभे.

पहिलं: वीज तोडलेली पाहून त्यांनी ढकलायला सुरुवात केली. चाकं हलेनात. इथे सगळेच फसतात. बॅटरीवरच्या खुर्चीचे ब्रेक स्प्रिंगने लागतात आणि विजेने सुटतात, म्हणजे वीज गेली की खुर्ची जाम. मोटारीवरचा खटका फिरवला तरच ती मोकळी होते. दुसरं: एकाला डावा खटका सापडला, उजवा कोणालाच नाही. खुर्ची जागच्या जागी गोल फिरली, एक टायर फरशीवर घासला. तिसरं: उचलताना हात आर्मरेस्टला. आर्मरेस्ट वर दुमडतं, त्याने हात निसटला असता. तिथेच थांबवलं. पिवळे पट्टे कोणीही पाहिले नाहीत, कारण ते खाली आहेत आणि माणूस वरून पाहतो.

आणि कागद? त्यांनी वाचलाच नाही. आधी पाठ दुमडली, पाठ सीटवर पडली, कागद तिच्याखाली गेला.

२८ नोव्हेंबर

सूचना नव्याने. कागद आता पाठीच्या मागच्या बाजूला, दुमडल्यावर तीच वर येते. ए५ आकार, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, चार कोपऱ्यांना वेल्क्रो. मजकूर हिंदी, इंग्रजी, तेलुगू आणि मराठीत, पण मुख्य काम चित्रांचं. मराठीचा मजकूर असा:

‘१. दोन्ही पिवळे खटके बाहेर ओढा, मग ढकला. एकच ओढला तर फिरते. २. उचलायचं फक्त पिवळ्या पट्ट्यांनी. चार माणसं. मागे जड. ३. आत ठेवल्यावर दोन्ही खटके आत ढकला, म्हणजे ब्रेक लागतात. ४. उभीच ठेवा. आडवी करू नका.’

तिसरी ओळ लोक विसरतात. खटके बाहेरच राहिले तर खुर्ची पोटात सुटी फिरते, आणि बेल्ट लोडरच्या उतारावर तर थेट खाली येते.

दोन्ही खटक्यांना पिवळा पेंट. उजवा खटका बॅटरी बॉक्सच्या आड होता म्हणून त्याच्यावर बाणाचं स्टिकर. आर्मरेस्ट पट्टीने खाली बांधले, त्यावर लाल फुली. उचलायच्या पट्ट्यांच्या मुठी वर सीटच्या कडेपर्यंत आणून अडकवल्या. संपूर्ण खुर्चीला बबल रॅप गुंडाळायची सूचना एकाने केली, ती नाकारली. गुंडाळलेल्या खुर्चीत खटका दिसत नाही, आणि न दिसणारा खटका असलेली खुर्ची ओढतच नेतात.

१ डिसेंबर — दुसरी चाचणी

दुसरी पोरं, चढवायला टेम्पो, हौदा जमिनीपासून मीटरभर. हातात कागद न देता ६ मिनिटं ४० सेकंद. एकच चूक: आत ठेवल्यावर डावा खटका अर्धाच आत गेला. अर्ध्यावर असताना ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की सरकतो. खटक्याच्या खालच्या पट्टीवर, पूर्ण आत गेला की झाकली जाईल अशी लाल रेघ मारली. रेघ दिसते तोवर आत गेलेला नाही.

क्र. २ ची चाचणी पाच मिनिटांत आटोपली. दुमडल्यावर ती मधेच उघडते म्हणून २५ मिमीचा एक पट्टा, बाकी काही नाही.

४ डिसेंबर

कुशन आणि टायर. क्र. १ ला हवेच्या कप्प्यांचं कुशन. केबिनमध्ये जायचं, विमानाच्या आसनावर तेच घालायचं. केबिनमधला दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो, तिथे कोल्हापुरात भरलेली हवा जवळपास एक-चतुर्थांश जास्त फुगते. कुशन कडक होतं, माणूस कप्प्यांत बसण्याऐवजी त्यांच्यावर तरंगतो आणि भार हाडांवर येतो. विमान वर गेल्यावर थोडी हवा सोडायची, उतरल्यावर परत भरायची. म्हणून हातपंप कुशनच्याच पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नाही. कोल्हापूरहून दिल्ली साडेतीनशे मीटरने खाली आहे, त्यामुळे इथे भरलेलं कुशन तिथे चार-पाच टक्के बसतं. हाताने तपासायचं: माणूस बसलेला असताना सर्वात खालचं हाड आणि तळ यांच्यात दीड ते अडीच सेंमी.

टायरची हवा काढा, असं कोणीतरी सांगतंच. गरज नाही. या विमानांचा माल कक्ष केबिनसारखाच दाबाखाली असतो, ३५ पीएसआयच्या टायरला फार तर चारेक पीएसआय जास्त जाणवेल. उलट हवा काढलेल्या टायरवर ७६ किलो ढकलले की रिमवरून टायर उतरतो.

८ डिसेंबर

४८ तासांची पुष्टी लेखी घेतली. दोन्ही शेरे तिकिटावर दिसतात का तेही पाहिलं. क्र. २ चा ‘डब्ल्यूसीएलबी’ परतीच्या तिकिटावर नव्हता, लावून घेतला. जाण्याच्या तिकिटावरचा शेरा परतीला आपोआप येत नाही. नियमावलीची नवी आवृत्ती दरवर्षी १ जानेवारीला लागू होते, ज्यांची परत जानेवारीत आहे त्यांनी बॅटरीचं पुन्हा विचारावं.

दोन्ही खुर्च्यांचे सर्व बाजूंनी फोटो, तारखेसह. आधीचे ओरखडेही घेतले.

९ डिसेंबर

चार्जिंग पूर्ण. केबिनची पिशवी: जॉयस्टिक, नॉब, कुशन, पंप, क्र. २ च्या दोन बॅटऱ्या, प्रत्येक वेगळ्या पाऊचमध्ये, टर्मिनलांवर टेप. चेक-इन बॅग: फूटरेस्ट, चार्जर, ॲलन की ३ ते ६ मिमी, १० आणि १३ चे पाने, एम६ व एम८ चे जास्तीचे नट.

१० डिसेंबर (सोबत गेलेल्याकडून)

उड्डाणाच्या अडीच तास आधी काउंटरवर. स्फोटकांच्या तपासणीसाठी खुर्ची पुसून नमुने घेतले, बॅटरी बॉक्स उघडून दाखवला. एटीआरला मागच्या दाराने रॅम्पवरून, तिथून आसनांमधल्या वाटेत मावणाऱ्या अरुंद आयल चेअरवर. जॉयस्टिक सोडायला चार मिनिटं. चार माणसं हजर होती, कागद वाचला, पिवळ्या पट्ट्यांनीच उचलली.

हैदराबादला खुर्ची दारात मिळाली, खटके बाहेर राहिलेले, पण हानी नाही. दिल्लीला क्र. १ दारात, क्र. २ सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर आली. ‘दारात द्या’ अशा टॅगची तिची प्रत हैदराबादला फाटलेली दिसली. टॅग दुमडलेल्या पट्ट्याला लावला होता, तो सांगाड्याला लावायला हवा.

१७ डिसेंबर

परतीच्या एका काउंटरवर अखेर तो प्रश्न आलाच: ‘८४० वॉट-अवर, कसं चालेल?’ आकडा आम्ही दिला नव्हता, त्यांनी लेबलवरून गुणाकार केला. ए६७ चा कागद दाखवून १५ मिनिटांत सुटलं.

उजळाईवाडीला उतरल्यावर क्र. १ चं डावं अँटी-टिप चाक (खुर्ची मागे उलटू नये म्हणून नळीच्या टोकाला लावलेलं छोटं चाक) वाकलेलं. कोणत्या टप्प्यात ते सांगता येणार नाही. विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर लेखी नोंद, नोंदीचा क्रमांक, जुने-नवे फोटो शेजारी शेजारी. चेक-इन सामानाच्या नुकसानीची तक्रार ७ दिवसांत लेखी करावी लागते. भरपाईची नेहमीची मर्यादा अशा खुर्चीच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. जास्त किंमत आधी जाहीर करता येते, पुढच्या वेळी तो अर्ज चेक-इनच्याच वेळी द्यायचा.

१८ डिसेंबर

वाकलेली नळी २२ मिमी बाहेरचा व्यास, भिंत दीड मिमी. सरळ करून वापरायची नाही, वाकल्या जागी ती पुन्हा मोडते. उद्यमनगरातून दोन नव्या नळ्या, भिंत २ मिमी. अँटी-टिप प्रवासात काढून ठेवावीत का यावर बोलणं झालं. नको. मागे ४८ किलो असताना ती नसतील तर उतारावर खुर्ची पाठीवर पडेल. त्याऐवजी नळीच्या टोकाला पिवळा रंग नको, लाल: लोक पिवळं दिसलं की धरतात, आणि बहुधा तेच झालं असावं.